सोळा आण्यांतला एक आणा

हैदराबादेत गौलीगुड्याहून सिकंदराबादच्या पार्कलेनला जायचं तर पूर्वी कोठीच्या स्टॉपवर ताटकळत बसची वाट पाहावी लागे. २०२० च्या फेब्रुवारीपासून ते सुटलं. एमजीबीएसला मेट्रोत बसायचं, सुलतान बाजार, नारायणगुडा, चिक्कडपल्ली, मुशीराबाद करत परेड ग्राउंडला उतरायचं आणि पुढे रिक्षा. परवा पुतण्याबरोबर याच वाटेनं चेनॉय ट्रेड सेंटरला गेलो. कॉम्प्युटरचा सुटा भाग हवा असला की आमच्याकडचा माणूस फिरून फिरून शेवटी तिथेच पोचतो. पोरगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. अभ्यासासाठी म्हणून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये आधी गेमसाठीचं ग्राफिक्स कार्ड शिरलं, मग जादा पंखे शिरले, मग लाल-निळे दिवे. आता मॉनिटर तेवढा राहिला होता, आणि त्याचं ठरलेलं होतं: घेईन तर फोर-के.

गाळ्यातल्या माणसानं खोका काढलाच नाही. "मॉनिटर बाद में देखेंगे. कार्ड कौनसा है?"

"फोर्टी सिक्स्टी."

"आठ जीबी?"

"हौ."

"तो फोर-के नक्को लो."

महागाचा माल घेऊ नको असं विकणारा सांगतोय, हे ऐकून पोरगा हिरमुसला आणि मी चकित झालो. त्या चार शब्दांत जेवढं शहाणपण होतं, तेवढं या धंद्याच्या सगळ्या चकचकीत खोक्यांवर मिळून छापलेलं नसतं.

हिशेब शाळकरी आहे. ज्याला आपण फुल एचडी म्हणतो त्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. त्याच्या वरच्या पायरीवर, २५६० गुणिले १४४० ला, ते ३६ लाख ८६ हजार ४०० होतात. फोर-केला ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. सिनेमा बघताना ही चौपट फारशी जाचत नाही, कारण चित्र आधीच तयार असतं, फक्त उलगडायचं असतं. गेममध्ये चित्र तयार नसतं. खेळणारा मान कुठे वळवेल हे कोणालाच ठाऊक नसल्यानं प्रत्येक ठिपक्याचा रंग कार्डानं त्या क्षणी काढायचा. सेकंदाला ६० चित्रं धरली तर फोर-केला दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपके रंगवायचे. मॉनिटर एकदाच घेतला जातो, पण त्याला चारा रोज घालावा लागतो, आणि तो घालणार कार्ड. हत्ती घेण्यापूर्वी गोठ्याचं दार मोजावं, एवढंच तो गाळेवाला सांगत होता.

आणि नावाची गंमत बघा. १०८०, १४४० हे आकडे पडद्याच्या उंचीचे. त्याच मापानं पुढचा आकडा २१६० व्हायला हवा होता. पण २१६० मध्ये काही दिमाख नाही, ते नुसतं दुप्पट वाटतं. म्हणून विकणाऱ्यांनी उभं मोजणं सोडून आडवं मोजायला घेतलं, ३८४० ला चार हजार म्हटलं आणि नाव ठेवलं फोर-के. कापडवाल्यानं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत गज बदलला तर सुलतान बाजारात आरडाओरडा होईल. इथे कोणी हूं का चूं केलं नाही.

तरी गंमत अशी की गिऱ्हाईक अजून हललेलं नाही. कॉम्प्युटरवर गेम विकणारं सर्वांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. ते आपल्या खेळाडूंच्या यंत्रांची पाहणी दर महिन्याला जाहीर करतं. ती ऐच्छिक आहे, जगभरची आहे, आणि तिच्यातले आकडे अधूनमधून उड्या मारतात, हे मान्य. पण चित्र वर्षानुवर्षं तेच दिसतं: निम्म्याहून जास्त खेळाडू १०८० वरच. १४४० वाले वाढत वाढत पाचांतल्या एकाच्या आसपास आलेत. फोर-केवाले शंभरांत पाचसुद्धा भरत नाहीत. फोर-केचा गाजावाजा सुरू होऊन दहा वर्षं उलटल्यानंतरची ही अवस्था. याला कोणी मागासलेपण म्हणेल. मी म्हणत नाही.

कारण ज्यांचं पोट खेळावर चालतं ते काय करतात ते पाहा. काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू आजही १२८० गुणिले ९६० वर खेळतात. ते फुल एचडीच्याही खालचं. पडदा २४-२५ इंची, पण सेकंदाला चित्रं दोनशे-तीनशेच्या पुढची. भिंतीआडून आलेला माणूस त्यांना सुंदर दिसायला नको असतो, आधी दिसायला हवा असतो. पैसे नाहीत म्हणून ते खाली राहिलेले नाहीत. पुतण्याला हे माहीत होतं. अशा खेळाडूंचे व्हिडिओ बघण्यात त्याच्या रात्री जातात. पण माहीत असणं वेगळं आणि दुकानात उभं राहिल्यावर आठवणं वेगळं.

"काका, डीएलएसएस आहे ना," तो हळूच म्हणाला. "त्यानं चालतं."

चालतं, खरंच चालतं. कसं चालतं ते मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळी मेख तिथे आहे. कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०१८ च्या आरटीएक्स कार्डांपासून ही युक्ती आणली. एएमडीनं तिच्या जोडीची २०२१ मध्ये काढली. फोर-के मॉनिटरवर 'परफॉर्मन्स' हा पर्याय निवडला की कार्ड प्रत्यक्षात १९२० गुणिले १०८० चंच चित्र काढतं. म्हणजे चारातला एक ठिपका. उरलेले तीन आधीची चित्रं बघून, शिकवलेल्या अंदाजानं भरले जातात. २०२५ च्या कार्डांत याच्यावर आणखी कडी झाली: कार्डानं एक चित्र काढायचं आणि त्याच्या जोडीला तीन चित्रं अंदाजानं बनवून मध्ये सरकवायची. दोन्ही एकत्र लावा. चारातला एक, आणि त्यातलाही चारातला एक. पूर्वी रुपयात सोळा आणे असत, त्या भाषेत सांगायचं तर पडद्यावरच्या रुपयात एक आणा कार्डानं कमावलेला आणि पंधरा आणे उसनवारीचे.

अंदाज वाईट असतो असं मी म्हणत नाही. अंदाज फार चांगला असतो, अनेकदा डोळ्याला कळतही नाही. माणसाचा मेंदूदेखील डोळ्यातल्या आंधळ्या ठिपक्यापुढची जागा अंदाजानंच भरून काढतो, त्याबद्दल आपण कोणाकडे तक्रार करत नाही. पण मधे सरकवलेल्या चित्रांनी बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. आकडा दोनशेचा दिसतो आणि हाताला पन्नासचं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाच्या जेन्सन ह्वांगनी सांगितलं की ५४९ डॉलरचं नवं ५०७० हे १,५९९ डॉलरच्या जुन्या ४०९० इतकं चालेल. टाळ्या पडल्या. ती बरोबरी याच उसन्या पंधरा आण्यांच्या बळावर होती. उसनं हिशेबात धरायला हरकत नाही, पण वहीत ते उसन्याच्या बाजूला लिहावं. खोक्यावर ती बाजूच नसते.

त्यातच एक नवी खोड लागली आहे. एकाच नावाचं कार्ड दोन पोटांचं, म्हणजे कमी-जास्त मेमरीचं, विकायचं. ५०६० टीआय आठ जीबीतही आहे आणि सोळातही. एएमडीचं ९०६० एक्सटीही तसंच. नाव तेच, खोका तोच, कोपऱ्यात लहान आकडा. रिझोल्यूशन वाढवलं की आधी ही जीबीचीच पिशवी भरते. भरली की खेळ अडखळायला लागतो. म्हणून तर गाळेवाल्यानं कार्डाच्या नावावर न थांबता पुढचा प्रश्न विचारला होता.

कार्डं एवढी महाग का, हे विचारायला जावं तर उत्तर गौलीगुड्यातच सापडतं. आमच्याकडे जुन्या बसस्टँडवर एक भलंमोठं अर्धगोल छप्पर होतं. लोक त्याला मिसिसिपी म्हणत. निजामाच्या काळातलं ते विमानांचं हँगर. जन्माला आलं विमानांसाठी आणि हयात गेली बसगाड्यांना सावली देण्यात. ५ जुलै २०१८ ला ते कोसळलं. आधीच रिकामं केलेलं होतं म्हणून जीव वाचले. ग्राफिक्स कार्डाचं नशीब असंच निघालं. जन्म खेळासाठी, राबणं भलत्याच ठिकाणी. आधी ते इथेरियम या आभासी चलनाच्या खाणीत जुंपलं गेलं. तो धंदा सप्टेंबर २०२२ मध्ये एका रात्रीत बंद पडला आणि रात्रंदिवस तापलेली जुनी कार्डं बाजारात आली. मग आली कृत्रिम बुद्धिमत्ता. जानेवारी २०२२ ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची गेमिंगची विक्री साडेबारा अब्ज डॉलरच्या घरात होती, डेटा सेंटरपेक्षा जास्त. तीनच वर्षांनी डेटा सेंटर ११५ अब्जांवर गेलं आणि गेमिंग अकरा-साडेअकरावर तसंच राहिलं. ज्या गिऱ्हाइकानं दुकान मोठं केलं ते आता दुकानाच्या उलाढालीत शंभरातले नऊ रुपयेसुद्धा भरत नाही. त्याचं कोण ऐकणार? मेमरीचंही तेच. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं जाहीर करून टाकलं की क्रुशियल या नावानं घरगुती गिऱ्हाइकाला मेमरी विकणं आपण थांबवतोय. माल सर्व्हरवाल्यांना हवा आहे. चेनॉयमध्ये त्या आधीपासूनच रॅमचा भाव भाजीसारखा सकाळी एक, संध्याकाळी एक असा सांगत होते.

आपल्याकडे वर कर. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर २०१९ पासून १८ टक्के होता, त्याहून मोठ्यावर २८. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठाही १८ वर आला. झालं ते चांगलंच, पण त्यानं मोठा पडदा स्वस्त झाला, त्याला पोसणारं कार्ड नाही. त्याच वर्षी आलेलं ५०९० भारतात २ लाख १४ हजारांना लागलं आणि ते एकटं ५७५ वॉट ओढतं. पुतण्याचं ४०६० ओढतं ११५. आमच्या घरच्या इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि वायफाय एवढा संसार चालतो. त्यावर ५०९० लावलं तर उन्हाळ्यात लाइट गेल्यावर आधी आजोबांचा पंखा थांबेल, आणि मग जे होईल ते कुठल्याच गेममध्ये दाखवण्यासारखं नसेल.

आठ-केचं तर नावच काढू नये. सोनीनं प्लेस्टेशन-५ च्या खोक्यावर ८के हा शिक्का मारला, काही वर्षं मिरवला आणि २०२४ मध्ये गुपचूप काढून टाकला.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी फोर-केच्या विरुद्ध आहे. तसं नाही. उलट त्या दुपारी मीच त्याच्या प्रेमात पडलो, फक्त कारण वेगळं होतं.

गाळ्यात एक फोर-के मॉनिटर चालू ठेवलेला होता. पडद्यावर नेहमीचंच: पोपट, धबधबा, फुलावरचं दव. पडदे विकणाऱ्यांच्या जगात पोपटाशिवाय पक्षी नाही. मी म्हटलं, याच्यावर जरा मराठी पान उघडा. त्यानं माझ्याकडे बघितलं, पण उघडलं. शेजारी साधा १०८० चा २४ इंची होता, त्यावरही तेच पान लावलं. इंग्रजी मजकुरात दोन्हींकडे फारसा फरक नव्हता. मराठीत होता. साध्या पडद्यावर 'उद्ध्वस्त' या शब्दाच्या पोटात एक काळी गाठ होती. ती द्ध्व आहे की ध्द आहे की आणखी काही, ते शब्द माहीत असल्यामुळे समजत होतं. 'द्वंद्व' मधले दोन द्व म्हणजे दोन डाग. 'कर्तृत्व' मधली ऋ उकारासारखी दिसत होती. मोठ्या रिझोल्यूशनवर प्रत्येक कान, प्रत्येक गाठ, प्रत्येक पाय सुटा.

याचं कारण आपल्या लिपीच्या बांधणीत आहे. १२ पॉइंटचं अक्षर साध्या पडद्यावर साधारण १६ ठिपके उंच असतं. रोमन अक्षर त्यात ऐसपैस बसतं. देवनागरीला त्याच १६ ठिपक्यांत वरची वेलांटी, रफार, अनुस्वार, मग शिरोरेघ, मग अक्षराचं धड, आणि खाली उकार नाही तर ऋकार असा चार मजली संसार मांडायचा असतो. धडाच्या वाट्याला जेमतेम सहा-सात ठिपके येतात. त्यात जोडाक्षर बसवायचं म्हणजे एका खोलीत एकत्र कुटुंब. २७ इंची फोर-केवर दुप्पट आकारमान लावलं की त्याच अक्षराला ३२ ठिपके उंची मिळते आणि सगळे हातपाय पसरून बसतात. विंडोजमधला मंगल फॉन्ट घडवणाऱ्या र. कृ. जोशींनी त्या काळच्या जाड्याभरड्या पडद्यांवर देवनागरी वाचता यावी म्हणून किती मेहनत घेतली असेल, याची कल्पना हे दोन पडदे शेजारी ठेवल्यावर येते. २००८ मध्ये ते गेले. असे पडदे घरोघरी आलेले त्यांनी पाहिले नाहीत.

आणि पानावरचा मजकूर स्थिर असतो. तो सेकंदाला साठदा नव्यानं रंगवायला लागत नाही, त्यामुळे त्याला ४०६० लागत नाही, कुठलंच वेगळं कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्ये मुळात जे असतं त्यावर भागतं. तिथे सोळाचे सोळा आणे खरे.

आमच्या घरात माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयापर्यंत त्यांना आता जिने चढून जाववत नाही. महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं ते कॉम्प्युटरवर वाचतात, तेही पुतण्याच्या जुन्या, टाकाऊ मॉनिटरवर. दर दोन वाक्यांना त्यांचा आवाज येतो, "हे काय लिहिलंय रे?" आम्ही समजत होतो की त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट होऊनही तसंच, म्हणून डॉक्टरवर थोडं रागावूनही झालं होतं. डोळे ठीक आहेत. पडदा गरीब आहे.

मराठी घरांत पडद्याचे पैसे पोराच्या खेळासाठी निघतात आणि म्हाताऱ्याच्या वाचनासाठी निघत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे, आणि ती कंपन्यांवर नाही. खेळणारा पोरगा १०८० वर सुखानं खेळतो. वाचणारा माणूस १०८० वर झगडतो. आपण नेमकं उलटं वाढतो, आणि उरलंसुरलं ज्याला जास्त गरज त्याच्या टेबलावर सरकवतो. शाळा-कॉलेजांच्या, छापखान्यांच्या, मुद्रितशोधकांच्या खोल्यांतही हेच. दिवसभर ऱ्हस्व-दीर्घ बघणाऱ्या माणसापुढे ऑफिसातला सर्वांत जुना मॉनिटर असतो, आणि पुन्हा चूक सुटली म्हणून बोलणी त्यालाच.

आम्ही शेवटी दोन खोके घेऊन निघालो. पुतण्याला १४४० चा २७ इंची, चढ्या हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं दाखवणारा. तेवढं त्याचं कार्ड ओढतं, जड गेममध्ये थोडी उसनवारी करून. आणि वडिलांना साधा, साठ हर्ट्झचा फोर-के. त्याचा भाव पोराच्या मॉनिटरपेक्षा पाच-सहा हजारांनी जास्त पडला. परतताना मेट्रोत पोरगा बराच वेळ गप्प होता. नारायणगुडा गेल्यावर म्हणाला, "काका, फोर-के आजोबांकडे. मित्रांना काय सांगू?"

मॉनिटर घ्यायला जाल तेव्हा पोपट बघून परत येऊ नका. आधी आपलं कार्ड कोणतं आणि किती जीबीचं ते कागदावर लिहून न्या. मग दुकानदाराला मराठीचं एक पान उघडायला सांगा, अक्षर मोठं करू देऊ नका, आणि दोन हातांवरून 'उद्ध्वस्त' वाचून बघा. पान उघडायला त्यानं का-कू केली तर शेजारच्या गाळ्यात जा. चेनॉयमध्ये गाळ्यांना तोटा नाही.